पिवळ्या ठिपक्यांची गुड्रुन

जर्मनीतल्या येना गावच्या त्या कारखान्यात नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याला दोन गोष्टी सांगत. भिंग कुठल्या कागदाने पुसायचं, आणि गुड्रुन वाइडहास आरशाच्या स्क्रूला हात लावून बसली असताना तिच्याशी बोलायचं नाही. दुसरी गोष्ट ज्याने मनावर घेतली नाही त्याला तिसरी ऐकावी लागे, आणि ती थेट गुड्रुनच्या तोंडून. म्युनिकहून पाहणीला आलेल्या एका डॉक्टरेटवाल्या इंजिनिअरला ती म्हणाली होती, "डॉक्टरसाहेब, श्वास जरा बाहेर जाऊन घ्या. इथे माझा आरसा हलतोय." तो बिचारा खरोखरच बाहेर गेला.

तिचं काम होतं हिरवे लेसर जुळवण्याचं. पावाच्या लादीएवढी डबी. तिच्यात एका टोकाला डायोड, त्याचा डोळ्याला न दिसणारा प्रकाश एका स्फटिकावर पडतो. स्फटिक दोन आरशांच्या मध्ये बसवलेला. आरसे एकमेकांसमोर अगदी नेमके उभे असतील तरच त्यांच्यामध्ये किरण जन्माला येतो, तोही न दिसणारा. मग पुढचा दुसरा स्फटिक त्याचा हिरवा करतो. आरशाच्या पाठीला दोन स्क्रू असतात. एक आडवा कलवतो, एक उभा. दोन स्क्रू फिरवायचे, बस, एवढीच नोकरी. सतराव्या वर्षी सरकारी मोठ्या कारखान्यात गुड्रुन दुर्बिणींची भिंगं जुळवायला लागली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही ती सकाळी स्क्रूला हात लावण्याआधी तळवे स्कर्टला पुसत असे.

दोन स्क्रूंची खोड अशी की ते एकमेकांचे पाय ओढतात. तुम्ही एक फिरवता, मग दुसरा, मीटरचा आकडा चढतो, चढतो आणि थांबतो. इकडे फिरवलं तरी कमी, तिकडे फिरवलं तरी कमी. वाटतं, आला माथा. पण पुष्कळदा तो माथा नसतोच. या धंद्यात त्याला खोटी टेकडी म्हणतात. खरा डोंगर पलीकडे असतो, आणि तिथे जायचं तर आधी उतरावं लागतं. हातात आलेला प्रकाश आपल्याच हाताने घालवायचा, एक स्क्रू मुद्दाम बिघडवायचा, मग दुसऱ्याने सावकाश वर चढायचं. परत बिघडवायचं, परत चढायचं. धीर नसलेला माणूस खोट्या टेकडीवरच तंबू ठोकतो. तसा लेसर थंड असताना झकास चालतो. अर्ध्या तासाने तापला की मान टाकतो.

जुळवून झालं की स्क्रूच्या डोक्यावर लाखेचा एक ठिपका द्यायचा. ठिपका तडकलेला दिसला तर समजायचं की कुणीतरी मागाहून स्क्रू फिरवलाय. प्रत्येक जुळवणाऱ्याचा रंग वेगळा. मोठ्या कारखान्यात बारा रंग होते, या छोट्या कारखान्यात दोनच उरले होते. गुड्रुनचा निळा, लुट्स रोझेनहानचा पिवळा. सही कुणी वाचत नाही, पण ठिपका बघून शेवटच्या पॅकिंगवालीलाही कळतं की हे कुणाच्या हातचं आहे. गुड्रुनला त्या निळ्या ठिपक्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

लुट्स तिचा जुना सोबती. एकाच वर्षी दोघं मोठ्या कारखान्यात लागले, बर्लिनची भिंत पडल्यावर एकाच वर्षी हजारोंबरोबर घरी बसले, आणि डॉक्टर ब्रेमने हा कारखाना काढला तेव्हा एकाच दिवशी इथे आले. गडी अंगाने भरलेला, विनोदी, सगळ्यांचा लाडका. बायको मार्लिसने केलेला खसखशीचा केक रोज डब्यातून आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा. गुड्रुनला तो 'बाईसाहेब' म्हणे. तिला असं म्हणण्याची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती.

आणि लुट्सला लेसर जुळवता येत नव्हता. म्हणजे पूर्वी येत होता. तेरा वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरात ते गेलं.

त्याचं झालं असं. हिरव्या लेसरसाठी जो संरक्षक चष्मा असतो त्यातून हिरवंच दिसत नाही. हिरवं अडवणं हेच त्याचं काम. पण जुळवणाऱ्याला तर पहिला हिरवा ठिपका कुठे उमटतो ते बघायचं असतं. मग सगळे काय करत? चष्मा कपाळावर चढवत. नियमांचा कागद भिंतीवर, चष्मे कपाळावर. त्यासाठी त्यांनी आपसात एक रीत ठेवली होती. जो विजेचा प्रवाह वाढवणार त्याने आधी "किरण!" म्हणून मोठ्याने हाक द्यायची, मनात तीन मोजायचे आणि मगच बटण फिरवायचं. तेवढ्यात दुसऱ्याने डोकं मागे घ्यायचं आणि चष्मा खाली ओढायचा.

त्या सकाळी गुड्रुनला वकिलाचं पत्र आलं होतं. तिचा नवरा हार्टमूट नोकरीसाठी पश्चिमेकडे, श्टुटगार्टजवळ गेला होता, तो तिकडचाच झाला होता आणि आता त्याला घटस्फोट हवा होता. पत्र तिच्या एप्रनच्या खिशात होतं. बटणावर तिचा हात होता आणि लुट्स डबीवर वाकलेला होता. तिने बटण फिरवलं. लुट्स एकदम "अरे!" म्हणून मागे झाला, उजवा डोळा चोळू लागला.

"काय झालं रे?"

"काही नाही. कचरा गेला वाटतं."

कचरा नव्हता. न दिसणाऱ्या किरणाला आवाज नसतो, आग नसते, दुखतही नाही. तिसऱ्या दिवशी लुट्स हळूच म्हणाला की वर्तमानपत्र वाचताना शब्दाची मधली अक्षरं गळतात. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरला गुपचूप दाखवलं आणि कारखान्यात तोंड उघडलं नाही. डोळ्याविना जुळवणारा कोण ठेवणार?

गुड्रुन हाक दिली होती की नाही ते आठवत बसली. पहिल्या रात्री आठवत बसली, पहिला महिना आठवत बसली. पत्र आठवायचं, पत्रावरचं तिकीटसुद्धा आठवायचं, बटणाचा गार स्पर्श आठवायचा. हाक काही आठवायची नाही. लुट्सने दोषाचा एक शब्द काढला नाही, आणि तेच तिला जास्त खाई. शिव्या घातल्या असत्या तर तिने दोन परत घातल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. गप्प माणसाशी भांडायचं कसं?

पुढच्या आठवड्यात तिने बघितलं की लुट्स कार्ड हातात धरून डबीपुढे बसलाय. न दिसणारा किरण पडला की त्या कार्डावर नारिंगी ठिपका उमटतो, अगदी फिका. ठिपका उमटला होता. गुड्रुनला तो दोन मीटरवरून दिसत होता. लुट्सला हातातला दिसत नव्हता. ती उठली, त्याला कोपराने बाजूला सारलं आणि त्याचा लेसर जुळवून दिला. त्याने पिवळ्या लाखेची बाटली पुढे केली, तिने ठिपका दिला. त्यावर कुणी काही बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

दोघं जुन्या वळणाची माणसं, सहाला कामावर हजर. ब्रेम आणि ऑफिसवाले नऊला येत. सहा ते नऊ गुड्रुन लुट्सचे लेसर करी. ताजा डोळा, स्थिर हात, रिकामी खोली. दुसऱ्याच्या नावाचं काम, त्यात खोट राहिली तर त्याची भाकरी जाईल, म्हणून ती एकेक लेसर दोनदा उतरवून चढवी. नऊला सगळे पाव आणि कॉफी घेऊन बसत, लुट्स केक वाटी. मग गुड्रुन आपल्या टेबलावर बसे. तिचेही लेसर तीन वाजेपर्यंत तेवढेच व्हायला हवेत. लुट्स वायरी जोडी, तापमान लावी, मोठ्या आकड्यांचा मीटर वाची, कागद भरी आणि पॅकिंगमधल्या बायकांना हसवी. लोक म्हणत, गुड्रुन हल्ली फार खेकसते. खेकसणार नाही तर काय करील? माणूस दोघांचं काम करतो आणि वर त्याने गोड बोलावं हीही अपेक्षा!

दोन हजार अकराच्या मार्चात एका गिऱ्हाइकाकडून तीन लेसर एकाच आठवड्यात परत आले. डोळ्यांच्या उपचाराची यंत्रं बनवणारं गिऱ्हाईक, मोठं आणि कटकटं. तक्रार एकच, चालू केल्यावर अर्ध्या तासाने प्रकाश निम्मा होतो. तिन्हींवर निळे ठिपके, एकही तडकलेला नाही.

गुड्रुनने पहिला उघडला तो भांडायच्याच तयारीने. डायोडवाल्यांनी घाण माल दिला असणार. तिने डायोडचा प्रवाह तपासला, बरोबर होता. डायोड तापला की त्याचा रंग सरकतो आणि स्फटिक तो पीत नाही, म्हणून त्याची थंड करणारी पट्टी तपासली. तीही ठीक. हिरवा करणाऱ्या स्फटिकाचा हीटर काढून दुसरा लावला, फरक शून्य. आरशांवर डाग आहे का ते भिंगातून बघितलं, काचा स्वच्छ होत्या. मग फक्त स्क्रू उरले. लाख खरवडताना तिला स्वतःचाच राग आला. तिने आडवा स्क्रू बिघडवला, प्रकाश पडू दिला आणि उभ्याने चढायला लागली. आकडा आधीच्या जागेवर आला आणि थांबला नाही. पुढे गेला. आणखी पुढे गेला, सव्वापट होऊन मग थांबला.

खोटी टेकडी. पहिल्या वर्षाच्या पोरीने करावी अशी चूक, आणि ती तिच्या ठिपक्याखाली होती. दुसऱ्यात तीच आणि तिसऱ्यातही तीच. तिन्हींच्या कागदांवर वेळ होती, दुपारी दोननंतरची. दोननंतर आपला डोळा पाणावतो आणि आपण पहिल्या माथ्यावरच 'झालं' म्हणतो हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिने ते स्वतःला सांगितलं नव्हतं इतकंच.

आता दुसरं कुणी असतं तर हीटरचं नाव पुढे केलं असतं. गुड्रुनने कागदावर स्वच्छ लिहिलं: जुळवणीत चूक, माझी, वाइडहास. तो कागद तिने स्वतः ब्रेमच्या टेबलावर नेऊन ठेवला. लाज वाटत होती, पण खोटं लिहायची जास्त वाटली असती.

डॉक्टर ब्रेम वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं. म्युनिकच्या एका मोठ्या कंपनीने त्याचा कारखाना विकत घ्यायचं ठरवलं होतं, आणि ते स्क्रू फिरवणारं यंत्र पाठवणार होते. यंत्राला न जमणाऱ्या खास लेसरांसाठी एकच माणूस ठेवायचा होता. दोघांपैकी कुणाला, ते म्युनिकने परत आलेल्या मालाच्या यादीवरून ठरवायला सांगितलं. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी त्याने गुड्रुनला आत बोलावलं.

"वाइडहासबाई, बसा. हे मला जड जातंय."

"मग उभ्याउभ्याच सांगा, लवकर उरकेल."

त्याने कागद तिच्याकडे वळवला. दोन रकाने होते. निळा: चार वर्षांत एकोणीस परत. पिवळा: शून्य.

"शून्य," ब्रेम म्हणाला. "चार वर्षांत एकही नाही. म्युनिकवाल्यांचा विश्वास बसेना, त्यांनी दोन पिवळे मागवून स्वतः मोजले. म्हणाले, अशी जुळवणी आम्ही कुठे पाहिली नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुम्ही स्वतः इतक्या वर्षांच्या जुळवणाऱ्या. रोझेनहानसाहेबांचं काम काय दर्जाचं आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

"हो," गुड्रुन म्हणाली. "कळतं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी येनात तिला दुसरीकडे कोण घेणार होतं? पेन्शनला अजून सात वर्षं होती. पण खुर्चीतून उठताना तिला पेन्शन आठवली नाही. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम या कागदावर दुसऱ्याच्या रकान्यात होतं, आणि तिचा स्वतःचा रकाना तिच्याविरुद्ध साक्ष देत होता, हे तिला सलत होतं. खरं सांगावं तर डोळ्याच्या यंत्रांचे कागद तेरा वर्षं खोट्या नावाने भरले म्हणून दोघंही त्याच दिवशी बाहेर जाणार. ती गप्प राहिली. तिला वाटलं, बोलायचंच तर ते लुट्सने बोलावं. तो बोलेल. एवढी वर्षं केलंय, तो बोलेल.

तिने त्याला तीन दिवस दिले. बुधवारी लुट्सने केक आणला नाही. गुरुवारी आणला. शुक्रवारी सकाळी सहाला ती आली तेव्हा त्याने नेहमीसारखा आपला लेसर उघडून, कार्ड शेजारी ठेवून, तिच्यासाठी खुर्ची ओढून ठेवली होती. खुर्चीवर उशीसुद्धा होती.

"म्हणजे तू काहीच बोलणार नाहीस," गुड्रुन म्हणाली. बसली नाही.

"काय बोलू, बाईसाहेब?" तो वायरीशी खेळत म्हणाला. "बोललो तर मीही गेलो. दोघांनी बुडण्यापेक्षा एक तरी तरू दे की."

"आणि तो एक म्हणजे तू."

"त्यांनीच निवडलंय. मी थोडंच सांगितलं?"

"तुला निवडलंय? लुट्स, त्यांनी माझे हात निवडलेत! तुझ्या अंगाला लावून!"

"हळू बोल ना. मार्लिसचं तुला माहितीये. तिच्या गुडघ्यांमुळे ती दोन वर्षं कुठे कामाला गेली नाही. तुझं काय, तू एकटी आहेस, तुझं कसंही भागेल."

कुणाचं भलं करायला जावं तर तो असा आपलंच खरं करून बसतो. गुड्रुन हसली, पण ते हसू ऐकून लुट्सने मान खाली घातली.

"आणि मी गेल्यावर पहिला ठिपका कोण शोधणार? मार्लिस?"

"यंत्र येतंय ना. बराचसा माल यंत्रच करील." मग खरोखरच म्हणाला, "खासवाले महिन्याला चार-पाचच असतात. तू शनिवारी येशील का कधीमधी? शनिवारी इथे कुणी नसतं. मार्लिस म्हणाली, केक काय, जेवणच देईन."

गुड्रुनने त्याच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पांढरा कोट, पोटावर ताणलेली बटणं, आणि चेहऱ्यावर लाजलेलं, आशाळभूत हसू.

"एका हाकेसाठी," ती म्हणाली. "एक हाक दिली नाही म्हणून तेरा वर्षं घातली मी. फिटलं आता. फिटून वर उरलं. शनिवारी मी येणार नाही आणि आजही त्या खुर्चीवर बसणार नाही."

"कुठली हाक?"

"नाटक करू नकोस. त्या दिवशीची. मी किरण म्हणाले नाही आणि बटण फिरवलं."

लुट्सने मीटर बंद केला, परत चालू केला.

"म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"काय?"

"हाक दिली होतीस तू. चांगली मोठ्याने. मला ऐकू आली. मी म्हटलं, तू तीन मोजतेस तोवर बघून होईल, म्हणून वाकलेलाच राहिलो. तू तेवढा वेळ थांबलीसही. माझीच चूक होती."

बाहेर एक ट्राम लोबेडा वस्तीच्या दिशेने गेली.

"तुला माहीत होतं," गुड्रुन म्हणाली, "की मला काय वाटतंय ते."

"पहिल्यांदा नव्हतं. मग कळत गेलं."

"आणि तू सांगितलं नाहीस. तेरा वर्षं."

लुट्सने खांदे उडवले. त्यात ना राग होता ना मस्ती. एखाद्याला साधी गोष्ट समजावून सांगावी तसा तो म्हणाला, "तू कधी विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. एकदाही नाही. तो 'नाही दिलीस हाक' म्हणेल या भीतीने ती रोज सकाळी सहाला येऊन त्याचे लेसर जुळवत राहिली होती.